थोर पुरुषाच्या गळ्यातली गोधडी

घाटाच्या पायथ्याशी, बंद रस्त्यावर,
थांबलेल्या ट्रकांच्या रांगेत एकोणचाळिसावा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे शब्दापुरतं समज. बाहेर गुडघाभर बर्फ आहे, आणि आठ अंगांपैकी दोन कान आणि पायांची बोटं यांचा मला सकाळपासून पत्ता लागलेला नाही. उरलेल्या अंगांनी मनोभावे केला आहे.) तुझे गुडघे, भाऊजींची कंबर आणि तुमच्या न्हाणीघराचं गळकं छप्पर ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. भाऊजींना सांग, कंबरेचा पट्टा नेहमी श्वास सोडून आवळायचा आणि तासाभराने परत एकदा आवळायचा. मी वीस वर्षं उघड्या ट्रेलरवर लोखंड, लाकूड आणि यंत्रं बांधतो आहे, त्या मानाने भाऊजी म्हणजे किरकोळ माल. मी इकडे ठीक आहे. हीटर एकाच बाजूला चालतो, त्यामुळे डावा पाय उन्हाळ्यात आणि उजवा हिवाळ्यात असतो, पण सरासरी काढली तर हवामान उत्तम.

आईची तब्येत विचारत नाही, कारण ती तुझ्या पत्रातून कळली. पत्र ऑफिसात मिळाल्याला पंधरा दिवस झाले. ते मी समोरच्या काचेवरच्या झडपेत खोचून ठेवलंय. ऊन डोळ्यावर आलं की झडप खाली करावी लागते आणि पत्र मांडीवर पडतं. (या दिवसांत ऊन फारसं येत नाही, हे नशीब.) आई तुला कामाला ठेवलेली बाई समजते आणि 'बाई, तुम्ही जेवलात का' असं विचारते, भाऊजींना पोस्टमन समजून रोज टपाल मागते आणि त्यांच्यापुढे नीट सहीही करते, हे वाचून आधी हसलो आणि मग बराच वेळ गाडी बाजूला घेऊन बसलो. बाकी सगळं विसरली तरी गोधडी विसरलेली नाही, रोज कपाट उपसून धाकट्याची गोधडी शोधते, सापडत नाही म्हणून रडते, तेव्हा ती गोधडी घेऊन ये आणि लवकर ये, कारण डॉक्टर म्हणतात की आज जे शिल्लक आहे ते हिवाळ्याच्या अखेरीस असेलच असं नाही. तुझं पत्र एवढंच आहे. मला ते तोंडपाठ झालंय.

शिवाय मी तीन रविवार फोन उचलला नाही, ही तुझी तक्रार असेलच, आणि ती खरी आहे. त्याचं कारण असं, की घाटात रेंज नसते, आणि जिथे घाट नसतो तिथे माझ्या फोनची बॅटरी नसते. थंडीत बॅटरी मरते हे शास्त्रीय सत्य आहे. भाऊजींना विचार, त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. म्हणून पत्र लिहितो आहे. पेन मधूनमधून काखेत धरून गरम करावं लागतं, त्यामुळे अक्षर मधेच पुसट होईल ते चालवून घे. आता गोधडी आजवर का आणता आली नाही, ते सविस्तर सांगतो. वाचताना बसून घे, आणि हातात काही फेकण्यासारखं ठेवू नकोस.

तुला आठवत असेल, हिवाळ्याच्या तोंडाशी मी दोन दिवस आलो होतो. निघताना आई ट्रकपर्यंत आली. केबिनच्या पायऱ्या तिला चढता येईनात, म्हणून तिने खालूनच ती गोधडी माझ्या अंगावर भिरकावली. मी म्हटलं, आई, गाडीत हीटर आहे. ती म्हणाली, हीटर गाडीसाठी असतो, ही तुझ्यासाठी. त्या दिवशी तिने मला सात मोजे बांधून दिले होते, सातही वेगवेगळे, आणि सातही डाव्या पायाचे असावेत अशी तुझी-माझी चेष्टा चालली होती. (मोज्याला डावा-उजवा नसतो, पण आपण हसलो.) आईही आपल्याबरोबर हसली होती. कशाला हसतोय ते तिला कळलं नव्हतं, हे आता लक्षात येतं आणि हसल्याचं वाईट वाटतं.

तर गोधडी मिळाली. तुला ती माहीतच आहे: बाबांच्या कारखान्यातल्या निळ्या शर्टाचे चार तुकडे, तुझा शाळेचा फ्रॉक, स्वयंपाकघराचा बदकांचा पडदा, आणि माझी ती विजार जिच्या गुडघ्यावर आधीच ठिगळ होतं, म्हणजे ठिगळाचंही ठिगळ. महिनाभर मी तिच्याखाली झोपलो. तिला आपल्या लोखंडी पेटीचा वास येत होता. आठवड्याभरात त्यात डिझेलचा वास मिसळला, पण नाक खुपसून शोधला की पेटी सापडायची.

मग तो माल मिळाला. पुतळ्यांच्या कारखान्यातून एक पुतळा उचलायचा आणि चार दिवसांच्या वाटेवरच्या एका गावात चौकात नेऊन द्यायचा. माल कोण आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कागदावर फक्त 'थोर पुरुष, ब्राँझ, एक नग' असं लिहिलं होतं. हे थोर पुरुष उजवा हात वर करून कुठेतरी बोट दाखवत होते. उताणे निजवले की बोट आभाळात इतकं उंच जाई की पुलाखालून गाडी निघाली नसती. म्हणून त्यांना कुशीवर निजवलं. आता बोट ट्रेलरच्या बाहेर, रस्त्याकडे आलं. माल बाहेर आला की त्याला लाल फडकं बांधायचा नियम आहे, तो मी पाळला. ताडपत्रीखाली थोर पुरुष आणि बाहेर फक्त लाल फडकं बांधलेलं एक बोट, असा आमचा प्रवास सुरू झाला. मागच्या मोटारवाल्यांना वाटायचं की ट्रेलरवरचा माणूस हातवारे करून 'पुढे जा, पुढे जा' म्हणतोय. एक गृहस्थ तर वळणावर त्याच्या भरवशावर पुढे घुसले आणि समोरून बस आलेली पाहून परत मागे आले. पुढच्या थांब्यावर ते माझ्याशी भांडायला आले, पण बोट नीट पाहिल्यावर चहा पिऊन गेले.

पण गोधडीचं राहिलं. उघड्या ट्रेलरचं काम म्हणजे नव्वद टक्के बांधणं आणि दहा टक्के चालवणं. पट्टा जिथे मालाच्या नाजूक जागेवरून जातो तिथे खाली काहीतरी मऊ घालावं लागतं, नाहीतर एक तर मालावर ओरखडा येतो किंवा कडेवर घासून पट्टा तुटतो. माझ्याकडे त्यासाठी चार रबरी गाद्या आहेत. थोर पुरुषांना नाजूक जागा पाच निघाल्या: घोटा, गुडघा, कंबर, छाती आणि गळा. चार झाल्या, गळा राहिला. कारखान्याचा सुपरवायझर शेजारी उभा राहून सारखा 'ओरखडा आला तर बघा' म्हणत होता. पाऊस भुरभुरत होता. मी केबिनमध्ये पाहिलं. तिथे मऊ अशी एकच वस्तू होती.

ताई, तू आत्ता जे म्हणालीस ते मला इथवर ऐकू आलं.

मी गोधडीची चार पदरी घडी केली, थोर पुरुषांच्या गळ्याभोवती गुंडाळली, वरून पट्टा आवळला, आणि बोटाने वाजवून पाहिला. (पट्टा नीट आवळला असेल तर तंबोऱ्यासारखा वाजतो.) सुपरवायझर म्हणाला, आता यांचा घसा बसायचा नाही. आयुष्यात त्याने केलेला हा बहुधा पहिलाच विनोद असावा, कारण मी हसलो तर तो घाबरला.

दोन दिवस पाऊस, त्यापुढे दोन दिवस बर्फ. ताडपत्री गारठून पत्र्यासारखी झाली, तिची घडी करायला तिच्यावर उडी मारून बसावं लागलं. गावात पोचलो तेव्हा क्रेनवाला आधीच चिडलेला होता, त्याला जेवायला घरी जायचं होतं. पट्टे सुटले, गाद्या निघाल्या, गोधडी काही निघेना. ती भिजून, गोठून थोर पुरुषांच्या गळ्याला अशी बसली होती की जणू दोघं एकाच साच्यातून ओतलेत. मी ओढून पाहिलं, मग हातोडा घेतला, तेव्हा नगरपालिकेचा माणूस धावत आला आणि भर चौकात थोर पुरुषांच्या गळ्यावर हातोडा चालवू नका म्हणाला. मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं थांबा, किटलीभर गरम पाणी आणतो. चहाच्या टपरीवर पाणी उकळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात क्रेनवाल्याने पुतळा उचलून चौथऱ्यावर उभा केला, पालिकेच्या लोकांनी त्याच्यावर पायघोळ कापड टाकलं, दोरीने बांधलं आणि गाठीवर लाखेचा शिक्काही मारला. मी हातात वाफाळती किटली घेऊन खाली उभा. कुणीतरी मला चहावाला समजून पेला पुढे केला.

मी गयावया केली. अनावरण होईपर्यंत शिक्का काढता येत नाही, असं उत्तर मिळालं. अनावरण कधी, तर पाहुणे येतील तेव्हा. 'माल सुस्थितीत मिळाला' अशी सही माझ्या हातात ठेवली गेली. पुढचा माल वाट पाहत होता. निघण्याआधी मी नेहमीची मोजणी केली: ताडपत्र्या तीन, साखळ्या आठ, पट्टे बारा, गाद्या चार. मोजणी बरोबर आली. गोधडी यादीत नव्हती ना. ज्याची नोंद नसते ते हरवलं तरी हिशेब चोख लागतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि बरं वाटलं नाही.

नवव्या दिवशी वाट वाकडी करून मी परत गेलो. पालिकेच्या कचेरीत शेगडीला चिकटून एक कारकून बसला होता, बोटं कापलेले हातमोजे घालून. त्याने मला एक छापील अर्ज दिला. वस्तूचं नाव, वस्तूचं वर्णन, आणि (हे तुला खोटं वाटेल) 'थोर पुरुषांशी नाते'. तो अर्ज मुळात त्यांच्या वंशजांसाठी छापला होता, त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं होतं म्हणून. मी नात्याच्या रकान्यात 'गळ्यापुरते' असं लिहिलं. वर्णनाच्या रकान्यात जागा दोन ओळींची. मी सांगत होतो, तो लिहून घेत होता. बाबांचा शर्ट, तुझा फ्रॉक, बदकं, ठिगळाचं ठिगळ, एका कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याने घातलेला एक टाका, जो कशाचाच नाही, फक्त दोरा उरला म्हणून घातलेला. सांगता सांगता मी दोन ओळींच्या कितीतरी पुढे गेलो. कारकुनाने लिहिणं थांबवलं, मला शेगडीजवळ स्टूल दिलं, आणि मग अर्जात 'वस्त्र, अनेकरंगी' असं लिहून टाकलं. बरा माणूस होता. म्हणाला, नियम नसता तर मी स्वतः शिडी लावली असती.

अनावरण दोनदा पुढे ढकललं गेलं, कारण पाहुणेही याच घाटातून यायचे होते. (थोर पुरुषांच्या नशिबीही शेवटी घाट बंद असणंच येतं.) तिसऱ्यांदा ते तीन तास उशिरा का होईना, आले. मीही पोचलो, मागच्या रांगेत उभा राहिलो. पाहुण्यांनी दोरी ओढली. काही झालं नाही. कापडही गोठलं होतं. पुन्हा ओढली. मग अग्निशामक दलाची शिडी आली, वर चढलेल्या जवानाने कापडाला लाथ मारली, आणि ते अख्खं एका तुकड्यात बँडवाल्यांच्या मोठ्या ढोलावर पडलं. वर पाहतो तो काय, थोर पुरुष बोट दाखवत उभे, आणि गळ्याभोवती आपली गोधडी. तुझ्या फ्रॉकची चौकड बरोबर हनुवटीखाली आली होती.

मूर्तिकार पुढच्या रांगेत बसला होता, त्याचा चेहरा बर्फाहून पांढरा पडला. पाहुण्यांनी मात्र वर पाहिलं, खिशातलं लिहून आणलेलं भाषण परत खिशात टाकलं, आणि म्हणाले की थोरांना अशा थाटामाटात आपण नेहमीच पाहतो, पण गरिबाघरचं पांघरूण लेवून लोकांबरोबर थंडीत उभा राहिलेला थोर पुरुष आज पहिल्यांदा दिसला. टाळ्यांचा कडकडाट. मूर्तिकाराने हळूच उठून नम्रपणे मान लववली. नंतर बायका चौथऱ्याजवळ जाऊन वर पाहत होत्या. एक म्हातारी दुसरीला सांगत होती, टाका बघ कसा एकसारखा आहे, हल्ली असा कोण घालतं. ताई, आईच्या हाताची भर चौकात वाहवा झाली. ज्या दिवशी तिला कळण्यासारखं असेल त्या दिवशी हे तिला सांग. मला फार वाटलं की तिथल्या तिथे ओरडून सांगावं, ही माझ्या आईने शिवलीय. पण मी ओरडलो नाही, कारण मूर्तिकार अजून मान लववून उभा होता.

आता पंचाईत अशी, की गोधडी हा पुतळ्याचाच भाग झालाय असं कचेरीचं म्हणणं आहे. ती काढायची तर सभेत ठराव करावा लागेल, आणि सभा वसंत ऋतूत. म्हणजे बर्फ वितळेपर्यंत माझा इलाज नाही. तोवर आईला एवढंच सांग की गोधडी सुरक्षित आहे, चांगल्या माणसाकडे आहे, आणि ठराव झाला की धाकटा ती घेऊन तडक येईल.

बाकी इकडे सगळं तेच. घाट उघडेल उघडेल म्हणून चाळीसएक ट्रक उभे आहेत. माझ्यावर या खेपेला लाकडाच्या फळ्या आहेत, त्या काही नासत नाहीत. पुढच्या दुधाच्या टँकरवाल्याचा जीव मात्र टांगणीला लागलाय, दर तासाला तो टँकरला कान लावून बसतो. आम्ही सगळे दुपारी फावड्याने एकमेकांची चाकं मोकळी करतो, मग आपापल्या केबिनमध्ये जाऊन काचेवर श्वास सोडून भोकं पाडतो आणि त्यातून बाहेर बघत बसतो. चालत्या गाडीत माणसाला फार काही सुचत नाही. उभ्या गाडीत सगळं सुचतं. माल बांधून निघालं की पहिल्या तासाभरात तो बसतो, पट्टे सैल पडतात, म्हणून थांबून परत आवळावे लागतात. नव्या ड्रायव्हरला हेच पहिलं शिकवतात. मीही कितीजणांना शिकवलं असेल. आणि घरून निघाल्यावर मी कधी थांबून मागे वळून पाहिलं नाही. तू एकटीने सगळं सांभाळलंस. आईचं न्हाणं, औषधं, तिने तुला बाई म्हणणं. मला तिची फार आठवण येते, ताई, आणि तुझी लाज वाटते.

असो. भाऊजींना नमस्कार. आईच्या पायांना माझ्या वतीने हात लाव, कारण विचारल्यास सांग की मोजे बघत होते.

तुझा,
रांगेतला एकोणचाळिसावा
धाकटा

ता. क. हे पत्र टँकरवाला तुमच्या फाट्यावरून जाताना दाराखाली सरकवून जाईल. त्याला चहा दे. टँकरला कान लावायला मात्र सांगू नकोस, तो तास तास उठत नाही.

ता. क. घाट उघडला. टँकरवाला पुढे गेला, पत्र माझ्याच खिशात राहिलं, आणि परत वाचलं तर त्यात एक गोष्ट खोटी लिहिलेली आढळली. सभा, ठराव, वसंत ऋतू, हे सगळं मी या रांगेत बसून रचलं. अनावरणाच्या दुसऱ्याच दिवशी चौकाच्या रखवालदाराने शिडी लावून, गरम पाणी ओतून गोधडी सोडवली आणि मला आणून दिली. त्या कारकुनाने पाठवलं होतं त्याला. अर्जावर शेरा मारला होता: 'नाते मान्य.' आज सव्वीस दिवस झाले, गोधडी माझ्या सीटच्या मागे घडी घालून ठेवली आहे. मी ती पांघरत नाही. या सव्वीस दिवसांत मी तुमच्या फाट्यावरून चार वेळा गेलो. चारही वेळा हॉर्न वाजवला. वळलो नाही.

ता. क. का वळलो नाही ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. गोधडी मिळाली त्या रविवारी मी आनंदाने घरी फोन केला. तू कुठेतरी मागच्या बाजूला असशील, फोन आईने उचलला. मी म्हटलं, मी धाकटा. ती म्हणाली, धाकटा घरी नाही, तो ट्रकवर असतो. मग तिने विचारलं, आपण कोण? माझ्या तोंडून निघालं, मीही ट्रकवरच असतो. तिला बरं वाटलं. म्हणाली, मग तो कुठे रस्त्यात भेटला तर एवढं सांगा की गोधडी घरीच राहिली, घेऊन जा, थंडी फार आहे. मी म्हटलं, भेटला तर सांगतो. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, अहो, तुमच्याकडे आहे ना पांघरायला? मी सांगितलं, आहे, गाडीत हीटर आहे. त्यानंतर मी रविवारचा फोन उचलला नाही. रेंजही होती आणि बॅटरीही होती. गोधडी मिळालीच नाही तोवर घरी यायला नको, आणि घरी आलो नाही तोवर तिने मला ओळखलं नाही असं ठरत नाही, असा माझा हिशेब होता. तुला तो चुकीचा वाटेल. मला अजूनही पूर्ण चुकीचा वाटत नाही.

ता. क. हे शेवटचं. पत्र मीच तुमच्या दाराखालून सरकवलं आहे. गल्लीत ट्रेलर वळत नाही, म्हणून शाळेच्या भिंतीला लागून उभा केलाय, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फळ्या दिसतील. तुझं वाचून होईपर्यंत मी पट्टे आवळत बसतो, सैल नसले तरी. वाचून झालं की पडदा बाजूला कर, मग मी येईन.

फक्त एक विनंती आहे, सगळं पत्र त्यासाठीच लिहिलंय. मी दारात आलो की आईला 'ओळख पाहू कोण आलंय' असं विचारू नकोस. भाऊजींनाही विचारू देऊ नकोस. तिला एवढंच सांग की ट्रकवाला आलाय, गोधडी पोचवायला. मी पावती लिहून ठेवली आहे: 'गोधडी, एक नग, सुस्थितीत.' खाली तिची सही घेईन. सही ती अजून करते, असं तूच लिहिलं होतंस. मग ती त्या ट्रकवाल्याला विचारेलच, तुमच्याकडे आहे ना पांघरायला. या खेपेला मी नाही म्हणणार आहे.